चेंडू नसलेला माणूस: विंगर आणि स्ट्रायकरची जोडी जमते म्हणजे नेमके काय होते?

खान्देशात खेळ म्हटले की आधी क्रिकेट येते, मग कबड्डी. फुटबॉलची आठवण बहुतेक घरांत चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या निमित्ताने होते. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांत आणि प्रथमच ४८ संघांचा. त्याचे बरेचसे सामने आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर आणि पहाटे येतात, आणि जूनच्या उकाड्यात गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्या जळगाव-भुसावळच्या माणसाला पाऊस येईपर्यंत तशीही धड झोप लागत नाही. त्यामुळे एरवी फुटबॉल न पाहणारेही मोबाइल उशाशी घेऊन दोन-चार सामने पाहतातच.

अशा प्रेक्षकाला समालोचनातली एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते. अमुक विंगर आणि अमुक स्ट्रायकर यांची जोडी अफलातून आहे, असे समालोचक सांगतो. हा प्रेक्षक त्या दोघांवर नजर ठेवतो, आणि त्याच्या लक्षात येते की अर्ध्या तासात त्यांनी एकमेकांना चेंडू दिला तो जेमतेम तीन-चार वेळा. क्रिकेटमधली भागीदारी फलकावर धावांमध्ये लिहिलेली असते. इथे फलकावर फक्त गोल करणाऱ्याचे नाव येते. मग जोडी म्हणायचे कशाला?

माझ्या मते या गोंधळाचे कारण असे, की आपण जोडी पासमध्ये शोधतो आणि ती असते बचावपटूच्या डोक्यात. दोघे मिळून तिसऱ्या माणसाला असा पेच टाकतात की त्याने काहीही निवडले तरी ते चुकावे, आणि हा पेच बहुतेक वेळा चेंडू पायाशी नसलेला खेळाडू टाकत असतो.

आधी मैदान आणि एक नियम

आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. स्ट्रायकर म्हणजे आघाडीच्या मध्यभागी, गोलच्या सर्वांत जवळ खेळणारा. विंगर म्हणजे डाव्या किंवा उजव्या बगलेतून, कडेच्या रेषेलगत चढाई करणारा. त्यांना अडवायला समोर बहुतेक संघ चौघांची बचावफळी उभी करतात: दोन मधले बचावपटू आणि दोन कडेचे. ६८ मीटर रुंदी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात, आणि एवढी रुंदी एकट्याने राखणे कोणालाच जमत नाही. म्हणून बचावपटू एकमेकांच्या जवळ सरकतात, मध्य दाट करतात आणि कडा थोड्या उघड्या सोडतात.

नियम ऑफसाइडचा. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, आघाडीचा खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल तर तो ऑफसाइड ठरतो. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूच्या पुढे उभे राहून चेंडूची वाट पाहता येत नाही. १९२५ पर्यंत हा नियम याहून कडक होता. आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी लागत, ते त्या वर्षी दोनवर आणले गेले. या नियमामुळे आघाडीवीराला चेंडू निघण्याच्या क्षणाचा अंदाज घेऊन मागून धावावे लागते. हा अंदाज एका माणसाचा असून भागत नाही, देणारा आणि धावणारा दोघांचा एकाच वेळी जुळावा लागतो. जोडीची गरज इथे सुरू होते.

राखण एकाची, शेत दोन टोकांचे

तापीकाठी दादर ज्वारीच्या कणसांत दाणा भरला की राखणदार माळ्यावर चढतो आणि गोफण फिरवतो. पाखरांचा एकच थवा असेल तर काम सोपे असते. दोन थवे शेताच्या दोन टोकांना उतरले, तर तो एकाकडे वळताच दुसरा थवा निर्धास्त कणसांवर बसतो, आणि दोन्हींच्या मध्ये उभा राहिला तर त्याची गोफण धड कुठेच पोहोचत नाही. मधल्या बचावपटूची अवस्था नेमकी हीच असते. विंगर कडेने चेंडू घेऊन आला आणि हा त्याच्यावर गेला, तर मागे स्ट्रायकर मोकळा सुटतो. स्ट्रायकरला चिकटून राहिला, तर विंगर आत घुसून स्वतःच गोलवर फटका मारतो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे करत थांबला, तर मधून पास निघून जातो.

श्रेष्ठ जोडी आणि नुसते दोन चांगले खेळाडू यांतला फरक असा, की श्रेष्ठ जोडीत दोन्ही टोकांची धास्ती सारखी असते. एकाचीच भीती असेल तर राखणदार चक्क एकाच टोकाला जाऊन बसतो.

जुनी रीत: रेषेपर्यंत जा आणि मागे ओढ

जुन्या काळी कामाची वाटणी सरळ होती. विंगरने कडेने गोलरेषेपर्यंत जायचे आणि चेंडू मध्यभागी टाकायचा, म्हणजे क्रॉस द्यायचा. स्ट्रायकरने तो गोलमध्ये घालायचा. २९ जून १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनने चौथ्याच मिनिटाला ब्राझीलवर आघाडी घेतली. त्यानंतर उजव्या बगलेतून गारिंचा दोनदा बचावपटूला मागे टाकून गोलरेषेकडे गेला, दोन्ही वेळा त्याने चेंडू गोलसमोर दिला आणि दोन्ही वेळा स्ट्रायकर वावाने तो आत ढकलला. मध्यंतराला ब्राझील २-१ ने पुढे होता आणि शेवटी ५-२ ने जिंकला. त्या सामन्याची आठवण १७ वर्षांच्या पेलेच्या दोन गोलांसाठी काढली जाते, ते योग्यच आहे; पण सामना फिरवला तो गारिंचा-वावा यांनी, आणि तोही जवळजवळ एकाच चालीची पुनरावृत्ती करून.

एवढी साधी चाल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोनदा कशी चालते? गोलरेषेजवळून मागे ओढलेला चेंडू अडवणे हे बचावातले सर्वांत अवघड काम आहे. बचावपटू स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, त्यामुळे मागून येणारा स्ट्रायकर त्यांना दिसत नाही. पाय लागला तर चेंडू आपल्याच जाळीत जाण्याची भीती असते. उलट स्ट्रायकरला चेंडू, गोल आणि गोलरक्षक तिन्ही समोर दिसतात, आणि तो चेंडूच्या मागे असल्यामुळे ऑफसाइडचा प्रश्नही येत नाही.

मात्र स्ट्रायकरने मागे राहायला हवे, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. तालुक्याच्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर सकाळी हे पाहायला मिळते. कडेचा पोरगा दोघांना चुकवून रेषेपर्यंत जातो, तोवर मधला पोरगा घाईने थेट गोलच्या खांबाशी पोहोचून ‘आरे भो, माले दे ना, माले!’ म्हणून ओरडत असतो. चेंडू मागे येतो तेव्हा तो त्याच्या पाठीमागून निघून जातो आणि जिथे कोणीतरी असायला हवे होते तिथे फक्त धूळ असते. अनुभवी स्ट्रायकर नेमके उलटे करतो: आधी दोन पावले गोलकडे टाकून बचावपटूला आत खेचतो, मग थबकतो. बचावपटू वेगात पुढे निघून जातो आणि तीन-चार मीटरची जागा मोकळी होते. दूरदर्शनवर दिसते ते एवढेच, की ‘स्ट्रायकर मोकळा कसा सापडला?’

स्ट्रायकरच मागे सरकला तर?

१९५३ हे वर्ष या विषयात फार मोलाचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलने १-३ अशा पिछाडीवरून बोल्टनला ४-३ ने हरवले. स्टॅन मॉर्टेन्सनने तीन गोल केले, तरी तो सामना आजही ओळखला जातो उजव्या बगलेतल्या स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने. गोल करणाऱ्याचेच नाव राहते, या तक्रारीला हा एक सणसणीत अपवाद म्हणायचा.

त्या विजयी संघाचा कर्णधार हॅरी जॉन्स्टन हा मधला बचावपटू. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी तो त्याच वेम्बलीवर इंग्लंडकडून हंगेरीविरुद्ध उतरला. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ हा आकडा होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे तो स्ट्रायकरचा, आणि त्याला सांभाळणे जॉन्स्टनचे काम. पण हिदेगकुटी पुढे थांबेचना. तो मागे, मैदानाच्या मध्याकडे सरकून खेळू लागला. त्याच्या मागे जावे तर बचावात खिंडार पडते, जागेवर थांबावे तर तो मोकळा खेळतो. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल केला, पुढे तीन गोलांची हॅट्ट्रिक पूर्ण केली आणि हंगेरीने ६-३ असा सामना जिंकला. आकडा ९ चा, पण जागा ९ ची नाही, अशा खेळाडूला पुढे ‘फॉल्स नाइन’ म्हणू लागले.

इथून वाटणीच उलटली. स्ट्रायकर मागे गेला की मधली जागा रिकामी होते, आणि त्या जागेत कोणी घुसायचे? बगलेतल्या विंगरने. २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनाने रेआल माद्रिदला ६-२ ने हरवले, तेव्हा मेस्सी मध्यभागी येऊन मागे सरकत होता आणि त्याचे काय करावे हे रेआलच्या कानावारो आणि मेत्सेल्डर या मधल्या दोघा बचावपटूंना कळत नव्हते. बार्सिलोनाच्या आघाडीतले बाकीचे दोघे कडेला होते: एतो उजवीकडे, आँरी डावीकडे. दोन गोल मेस्सीने केले आणि दोन डाव्या बगलेतून धावणाऱ्या आँरीने. मेस्सीने त्या दिवशी काय केले हे सर्वांच्या लक्षात राहिले. आँरीची धाव नसती तर मागे सरकलेल्या मेस्सीकडे दुर्लक्ष करून दोघा बचावपटूंना निवांत उभे राहता आले असते, हे मात्र क्वचित कोणी बोलते.

आजचे विंगर पुष्कळदा ‘उलट्या’ पायाचे असतात, म्हणजे डावखुरा उजव्या बगलेत आणि उजवा डाव्या बगलेत, त्याचेही कारण हेच. रेषेपर्यंत जाऊन क्रॉस देण्यापेक्षा आत वळून फटका मारणे त्यांना सोयीचे पडते. डावखुरे रॉबेन आणि सलाह उजवीकडून असेच गोल करत आले. २०१७-१८ मध्ये सलाहने लिव्हरपूल क्लबसाठी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३२ गोल केले. मध्यभागी खेळणारा फिर्मिनो सतत मागे सरकून त्याला आणि दुसरा विंगर सादिओ माने याला वाट करून देत होता. कडेची रुंदी तिथे कोणी राखायची, हा प्रश्न उरतो. ती मागून धावत येणारे कडेचे बचावपटू अलेक्झांडर-अरनॉल्ड आणि रॉबर्टसन राखत.

केन आणि सोन

या सगळ्याचा अर्क एका जोडीत पाहायचा असेल तर टॉटेनहॅम या इंग्लिश क्लबात एकत्र खेळलेले हॅरी केन आणि दक्षिण कोरियाचा सोन ह्युंग-मिन. प्रीमियर लीगमध्ये एकाने दिलेल्या पासवर दुसऱ्याने केलेले असे त्यांचे ४७ गोल आहेत, आणि तो त्या स्पर्धेतला विक्रम आहे. आधीचा विक्रम चेल्सीच्या लॅम्पार्ड-द्रोग्बा जोडीचा, ३६ गोलांचा. मला ४७ या आकड्यापेक्षा त्याची फोड अधिक बोलकी वाटते: २४ वेळा गोल सोनचा आणि २३ वेळा केनचा. देणारा आणि घेणारा ठरलेलाच नव्हता.

२० सप्टेंबर २०२० रोजी साउदम्प्टनच्या मैदानावर सोनने चार गोल केले आणि चारही केनच्या पासवर. टॉटेनहॅमने ५-२ असा सामना जिंकला. त्या दिवशीची चाल सांगायला सोपी आहे. साउदम्प्टनची बचावफळी गोलपासून बरीच पुढे येऊन खेळत होती. केन स्ट्रायकर असूनही मागे सरकून चेंडू घेई, आणि त्याच वेळी सोन बगलेकडून बचावपटूंच्या मागच्या मोकळ्या जागेत धाव घेई. पास निघाला तेव्हा सोन बचावफळीच्या रेषेच्या अलीकडे आणि चेंडू पडला तेव्हा पलीकडे. त्यात सोनचे दोन्ही पाय सारखे चालतात, म्हणून त्याला अमुक बाजूला ढकला म्हणजे निभावेल, ही सोयही गोलरक्षकाला नव्हती. त्या २०२०-२१ च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल केनचे होते, २३, आणि सर्वाधिक असिस्टही त्याचेच, १४. असिस्ट म्हणजे गोलच्या आधीचा शेवटचा पास. पुढच्या हंगामात सोनने २३ गोल करून सलाहबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला.

‘गोल न करणारा स्ट्रायकर कशाला पोसायचा?’

हा आक्षेप पारावरही निघतो आणि युरोपातल्या वर्तमानपत्रांतही निघाला होता. २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरू याचा संपूर्ण स्पर्धेत एकही फटका गोलच्या रोखाने गेला नाही. एकही नाही. तरी प्रशिक्षक देशाँ यांनी त्याला अंतिम सामन्यापर्यंत खेळवत ठेवले आणि फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ ने हरवून विश्वचषक जिंकला. एम्बापे आणि ग्रीझमन यांनी स्पर्धेत प्रत्येकी चार गोल केले.

जिरू उंच आणि धिप्पाड. तो दोन मधल्या बचावपटूंना अंगाशी गुंतवून ठेवी, आणि त्यांच्या आजूबाजूला जी जागा मोकळी होई तिच्यातून एम्बापे पळे. अर्जेंटिनाविरुद्धच्या ४-३ या सामन्यात एम्बापेच्या दुसऱ्या गोलचा पास जिरूचाच होता, पण त्याचे बरेचसे काम असिस्टच्या रकान्यातही येत नाही. बचावपटूला दोन मीटर बाजूला नेले, याची नोंद कोणत्या फलकावर करणार? एम्बापेने मात्र ती नोंद ठेवली होती. राष्ट्रीय संघात जिरू बचावपटूंना गुंतवतो म्हणून आपल्याला मोकळीक मिळते, क्लबमध्ये तशी मिळत नाही, असे त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले.

‘मोठी नावे एकत्र आणली की झाले’

एम्बापे तेव्हा ज्या क्लबात होता त्या पॅरिस सां-जर्मेंकडे २०२१ ते २०२३ या दोन हंगामांत मेस्सी, नेमार आणि एम्बापे असे तिघे एकत्र होते. पैशाची ददात नव्हती. दोन्ही हंगामांत हा संघ चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या १६ संघांतच बाद झाला, एकदा रेआल माद्रिदकडून, एकदा बायर्न म्युनिककडून. तिघांनाही चेंडू पायाशी हवा होता. चेंडू मिळणार नाही हे माहीत असून बचावपटूला ओढून नेण्यासाठी जीव तोडून धावणारा त्यांच्यात कोणी नव्हता.

यावर कोणी म्हणेल की मेस्सी आणि नेमार बार्सिलोनात तर जमले होते. जमले होते, कारण मध्ये सुआरेझ होता. २०१४-१५ मध्ये या तिघांनी मिळून १२२ गोल केले: मेस्सी ५८, नेमार ३९, सुआरेझ २५. बंदी भोगून सुआरेझ ऑक्टोबरच्या अखेरीस मैदानात उतरला तेव्हा तो उजवीकडे खेळे आणि मेस्सी मध्ये. गाडी नीट चालेना. हंगाम पुढे सरकला तसा मेस्सी उजव्या बगलेत गेला, सुआरेझ मध्ये आला आणि दोन बचावपटूंशी सतत धक्काबुक्की करू लागला. त्या तिघांत सर्वांत कमी गोल सुआरेझचे आहेत, आणि तरी माझ्या दृष्टीने जोडकाम त्याचेच होते.

‘मग केन-सोननी करंडक का नाही जिंकला?’

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. दोघे एकत्र असताना टॉटेनहॅम २०१९ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना लिव्हरपूलकडून आणि २०२१ चा इंग्लंडमधल्या लीग कपचा अंतिम सामना मँचेस्टर सिटीकडून हरला. केन २०२३ मध्ये बायर्नला गेला आणि २०२४-२५ मध्ये जर्मन लीगचा विजेता झाला. त्याच हंगामात सोनच्या नेतृत्वाखाली टॉटेनहॅमने युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची दुसरी स्पर्धा जिंकली. एकत्र आठ हंगाम रिकामे हात, आणि वेगळे झाल्यावर एकाच महिन्यात दोघांना करंडक. नशिबाची थट्टा म्हणावी तर ही. जोडी गोल मिळवून देते. गोल न खाण्याचे काम उरलेल्या नऊ जणांचे असते आणि करंडक बहुधा तिथे ठरतात.

आपल्याकडचे दाखले

भारतीय फुटबॉलमध्ये असे काही नव्हतेच, हा समज चुकीचा आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात उजव्या बगलेत पी. के. बॅनर्जी, आणि आघाडीला चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम होते. पण त्या संघाची खरी गंमत वेगळीच आहे. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले, तेव्हा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना शेवटच्या दोन सामन्यांत चक्क स्ट्रायकर म्हणून पुढे पाठवले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने २-१ असा विजय मिळवला. एक गोल बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा. आयुष्यभर स्ट्रायकरांना अडवणाऱ्या माणसाला बचावपटूचा पेच आतून ठाऊक असतो, असे म्हणायला हरकत नाही.

अलीकडचे उदाहरण बेंगळुरू संघाचे. २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू आणि डाव्या बगलेकडे सुनील छेत्री अशी रचना होती. मिकूने १५ आणि छेत्रीने १४ गोल केले.

आपल्या मैदानांवर ही जोडी का घडत नाही

खान्देशात मुले फुटबॉल खेळतात ती बहुधा अर्ध्या मैदानावर, पाच-सहा जणांचे संघ करून आणि ऑफसाइडशिवाय. खेळ म्हणून त्यात काही गैर नाही. पण ऑफसाइड नसला की स्ट्रायकर गोलसमोर तळ ठोकून बसतो, विंगर लांबूनच चेंडू उचलून टाकतो, आणि मागून धावण्याचा, थबकण्याचा, वेळ साधण्याचा सराव कोणालाच होत नाही. काळ्या मातीच्या टणक, भेगाळलेल्या मैदानावर चेंडू वेडावाकडा उसळतो, म्हणून जमिनीलगतचा पास देण्याची हिंमतही मुले करत नाहीत.

क्रीडाशिक्षकांना यावर फारसा खर्च न करता उपाय करता येतो. मैदानावर फक्कीची एक आडवी रेघ आखावी, दोन आघाडीवीर आणि एक बचावपटू घ्यावा, आणि पास निघेपर्यंत स्ट्रायकरने रेघ ओलांडायची नाही एवढा एकच नियम ठेवावा. दर दहा मिनिटांनी विंगर आणि स्ट्रायकर यांची अदलाबदल करावी, आणि प्रत्येकाला एकदा तरी बचावपटू करावे. रेघ गोलपासून १५-१६ मीटरवर असावी. त्याहून जवळ आखली तर धावायला जागाच उरत नाही आणि मुले पुन्हा खांबाशी गर्दी करतात.